वाचकांचे प्रश्न : जुने शूटर गेम आणि त्यांची नवी इंजिने

‘डूम’, ‘क्वेक’ आणि त्यांच्या पिढीतील फर्स्ट पर्सन शूटर गेम आजच्या संगणकांवर कसे चालतात, ते चालवणारी इंजिने कोण सांभाळते आणि ती किती काळ टिकतील, याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ‘डूम’ची जुनी सीडी आहे. तिच्यातील मूळ प्रोग्राम नव्या संगणकावर सुरूच होत नाही. कोणी डॉसबॉक्स वापरा म्हणतात, कोणी सोर्स पोर्ट घ्या म्हणतात. दोहोंत फरक काय?

उत्तर : डॉसबॉक्स मूळ प्रोग्रामला हात लावत नाही. आपण अजून १९९०च्या दशकातील संगणकावरच आहोत, अशी त्या प्रोग्रामची समजूत ते करून देते. सोर्स पोर्टची गोष्ट वेगळी आहे. गेमचा मूळ कोड घेऊन तो आजच्या प्रणालीसाठी नव्याने बांधलेला असतो, आणि म्हणून त्यात दुरुस्त्या, मोठे रिझोल्यूशन, नवे कंट्रोलर अशी भर घालता येते. हे शक्य झाले याचे कारण इड सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘डूम’चा सोर्स कोड २३ डिसेंबर १९९७ रोजी सर्वांसाठी खुला केला. गंमत अशी की जगभर खेळली गेली ती डॉस आवृत्ती, पण खुला झाला तो लिनक्स आवृत्तीचा कोड. डॉस आवृत्तीत आवाजासाठी वापरलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, दुसऱ्याच्या मालकीची होती आणि ती वाटण्याचा अधिकार इडकडे नव्हता. पहिल्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई होती. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल या परवान्याखाली आला (कोणीही कोड घ्यावा, बदलावा आणि त्याच अटींवर पुढे वाटावा, असा हा परवाना) आणि आज आपण जी पोर्ट पाहतो, त्यांतील बहुतेकांचा कायदेशीर पाया तिथे घातला गेला.

आपल्या सीडीचे मोल मात्र कमी झालेले नाही. ‘डूम’च्या लेव्हल, चित्रे आणि आवाज ‘वॅड’ या प्रकारच्या फाइलमध्ये वेगळे ठेवलेले असतात. ती फाइल सीडीवरून काढून पोर्टच्या फोल्डरमध्ये ठेवली की काम झाले. इंजिन आणि मजकूर यांची ही फारकत मूळ रचनेतच केलेली होती, आणि तीन दशकांनंतरही हा गेम जिवंत असण्यामागे तिचा वाटा फार मोठा आहे.

प्रश्न : एकट्या ‘डूम’साठी डझनभर पोर्ट दिसतात. एवढी कशाला हवीत? सर्वांनी मिळून एकच उत्तम इंजिन का बनवले नाही? आणि नवख्याने कोणते घ्यावे?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत आला आहे, म्हणून त्याला थोडी जागा देतो. अहंकार आणि मतभेद यांचाही यात वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही, पण खरे कारण तांत्रिक आहे आणि ते ‘डेमो’ समजून घेतल्यावर लख्ख दिसते.

‘डूम’मध्ये आपला खेळ रेकॉर्ड करता येतो. त्या डेमो फाइलमध्ये चित्रफीत नसते. खेळाडूने त्या त्या क्षणी पुढे किती जावे, बाजूला किती सरकावे, किती वळावे आणि कोणते बटण दाबावे, एवढीच नोंद असते. इंजिन सेकंदाला ३५ वेळा खेळाची स्थिती पुढे सरकवते आणि प्रत्येक वेळी एका खेळाडूसाठी फक्त चार बाइट लिहिते. डेमो पाहताना इंजिन त्या नोंदींवरून सगळा खेळ पुन्हा खेळते. यात ‘नशिबाचा’ भागही आला, कारण गोळीने किती इजा होईल यासारख्या गोष्टी ठरवणारे आकडे २५६ संख्यांच्या एका ठरावीक तक्त्यातून क्रमाने उचलले जातात. म्हणजे इंजिनाने कुठेतरी एक आकडा जास्त उचलला, किंवा एखाद्या गणितातील जुनी चूक चांगल्या हेतूने सुधारली, तरी पुढचा सगळा खेळ रुळावरून घसरतो. डेमोतील खेळाडू भिंतीला धडका देत राहतो आणि तिथे नसलेल्या शत्रूवर गोळ्या झाडत बसतो. गेम कमीत कमी वेळात पूर्ण करण्याच्या स्पर्धा आणि त्यांतील विक्रम अशाच डेमोंवर उभे असल्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

शिवाय काही मर्यादा खेळाचाच भाग बनून गेल्या आहेत. मूळ कोडमध्ये एका लेव्हलवर वीसपेक्षा जास्त ‘लॉस्ट सोल’, म्हणजे उडत्या कवट्या, असतील, तर ‘पेन एलिमेंटल’ हा राक्षस नवे सोडत नाही. तो नियम काढून टाकला की जुन्या लेव्हलची काठिण्यपातळी बदलते. उलट, जमीन आणि छत यांचे दिसणारे पृष्ठभाग नोंदवण्यासाठी मूळ इंजिनात १२८ जागा होत्या. त्या संपल्या की प्रोग्राम चक्क बंद पडत असे. ही मर्यादा काढून टाकल्याचे दुःख क्वचितच कोणाला झाले असेल. आता जपण्यासारखे काय आणि सुधारण्यासारखे काय, हे एकदा ठरवायला बसले की एकच इंजिन सर्वांचे समाधान करू शकत नाही, हे ध्यानात येते.

म्हणून वाटा वेगळ्या झाल्या. चॉकलेट डूमने मूळ डॉस आवृत्तीचे वागणे शक्य तितके हुबेहूब जपण्याचा वसा घेतला. ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे चित्र, जुन्या मर्यादा आणि काही ठिकाणी तर ठरवून दिलेल्या मेमरीच्या बाहेर लिहिण्याच्या जुन्या चुकीचे परिणामसुद्धा ते तसेच घडवून आणते. क्रिस्पी डूम त्याच कोडवर उभे आहे, पण ते चित्राचे रिझोल्यूशन वाढवते, मर्यादा हटवते आणि डेमो मात्र बिघडू देत नाही. दुसरी परंपरा १९९८ मधील ‘बूम’ या पोर्टपासून निघाली. ‘बूम’ने लेव्हल बनवणाऱ्यांना नवी साधने दिली, त्यानंतरच्या ‘एमबीएफ’ने त्यांत भर घातली, अगदी खेळाडूच्या बाजूने लढणारे कुत्रेसुद्धा दिले, आणि आजची वूफ व डीएसडीए-डूम ही दोन्ही पोर्ट याच घराण्यातील आहेत. डीएसडीए-डूममध्ये ‘कॉम्प्लेव्हल’ नावाची सोय आहे. २ म्हणजे ‘डूम टू’चे मूळ वागणे, ९ म्हणजे ‘बूम’, ११ म्हणजे ‘एमबीएफ’ आणि २१ म्हणजे २०२१ मध्ये ठरवलेले त्याचे विस्तारित रूप. एकाच इंजिनाने अनेक काळांची सोंगे घ्यावीत, असा हा प्रकार आहे आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत समंजस तोड हीच आहे.

तिसरी वाट जीझेडडूमची. तिथे वर-खाली मोकळेपणाने पाहता येते, एकावर एक मजले रचता येतात, संपूर्ण नवे शस्त्र किंवा शत्रू झेडस्क्रिप्ट या भाषेत लिहिता येतो. मूळ गेमचे डेमो चालवण्याची हमी मात्र ते देत नाही. ‘सेलाको’सारखा विकत मिळणारा नवा गेम या इंजिनावर बनला, यावरून त्याचा आवाका ध्यानात यावा.

नवख्याने पहिल्यांदा मूळ लेव्हल खेळायच्या असतील तर क्रिस्पी किंवा वूफ घ्यावे. नव्या मोठ्या मॉडसाठी, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये बदल करून बनवलेल्या खेळासाठी, त्या मॉडच्या माहितीपत्रात सांगितलेले पोर्टच घ्यावे. या बाबतीत मनाने प्रयोग केल्यास फक्त वेळ जातो.

प्रश्न : मी कित्येक वर्षे प्रबूम-प्लस वापरतो. त्यात आता काही नवीन येत नाही. ‘क्वेक’साठी वापरत असलेल्या फिट्झक्वेकचेही तेच. ही इंजिने मेली असे समजायचे का?

उत्तर : नाव मेले, वंश चालू आहे. प्रबूम-प्लसच्या एका शाखेतूनच डीएसडीए-डूम निघाले. आपल्या सवयीच्या बहुतेक गोष्टी आपल्याला तिथे सापडतील आणि जोडीला ‘डूम’च्याच इंजिनावर बनलेले ‘हेरेटिक’ व ‘हेक्सन’ हे गेमही चालतील. ‘क्वेक’चा कोड डिसेंबर १९९९ मध्ये जीपीएलखाली आला. त्यावर उभ्या राहिलेल्या फिट्झक्वेकवरून क्वेकस्पॅझम झाले, क्वेकस्पॅझमवरून व्हीकेक्वेक आणि आयर्नवेल. व्हीकेक्वेकने चित्रणासाठी व्हल्कन ही नवी पद्धत घेतली. आयर्नवेलने चित्रणाचे जास्तीत जास्त काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले, त्यामुळे आजच्या मॉडमधील अवाढव्य लेव्हलही त्यात सहज पळतात. मूळ ‘क्वेक’मध्ये चित्रांचा वेग सेकंदाला ७२ च्या वर गेला की हालचालींचे गणित बिघडू लागते. या दोन्ही इंजिनांनी चित्रण आणि हालचाल यांची घड्याळे वेगळी करून तो प्रश्न सोडवला. जीपीएलची ही खरी करामत आहे. सांभाळणारा थकला, कंटाळला किंवा संसारात गुंतला, तरी कोड त्याच्याबरोबर जात नाही. ज्याला उत्साह आहे त्याने तो उचलावा, नाव बदलावे आणि पुढे चालावे.

तरीही ‘नवी आवृत्ती आलेली नाही’ आणि ‘सोडून दिले आहे’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. चॉकलेट डूमच्या आवृत्त्या विरळ येतात, कारण त्याने ठरवलेले काम बव्हंशी पूर्ण झाले आहे. त्यात रोज बदल होऊ लागले तर उलट काळजी वाटावी. माझी कसोटी अशी आहे की कोडच्या भांडारात अलीकडे काही हालचाल आहे का, चुकांच्या तक्रारींना कोणी उत्तर देते का आणि नव्या प्रणालींवर तो कोड बांधला जातो का, हे पाहावे. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण गेम बदलला नाही तरी त्याच्या पायाखालची जमीन सरकत असते. ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएल या चित्रणाच्या जुन्या पद्धतीला निवृत्तीच्या यादीत टाकले आणि २०१९ मध्ये ३२-बिट प्रोग्राम चालवणेच बंद केले. बहुतेक पोर्ट खिडकी, आवाज आणि कळफलक यांसाठी एसडीएल या लायब्ररीवर अवलंबून असतात. तिची तिसरी पिढी जानेवारी २०२५ मध्ये स्थिर रूपात आली. दुसऱ्या पिढीसाठी लिहिलेले प्रोग्राम चालत राहावेत म्हणून मधला दुवा पुरवला आहे हे खरे, पण कधीतरी प्रत्येक पोर्टच्या सांभाळकर्त्याला हे स्थलांतर करावेच लागेल. सांभाळ म्हणजे नवी वैशिष्ट्ये घालणे असे वाचकांना वाटते. प्रत्यक्षात त्यातील बराच वेळ अशा बिनचेहऱ्याच्या कामात जातो, आणि नेमके हेच काम करायला माणसे मिळत नाहीत.

प्रश्न : जीझेडडूममध्ये फूट पडली असे ऐकले. आता कोणते वापरावे?

उत्तर : ऑक्टोबर २०२५ मध्ये जीझेडडूमवर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी बाहेर पडून यूझेडडूम नावाने वेगळी शाखा सुरू केली. एआयच्या मदतीने तयार केलेला कोड प्रकल्पात घेतला गेला, हे वादाचे तात्कालिक निमित्त होते. निर्णय कोणी आणि कसे घ्यावेत, याविषयीची जुनी नाराजीही त्यामागे होती. अशा कोडच्या मालकीविषयी शंका असताना तो जीपीएलच्या प्रकल्पात मिसळावा का, हा आक्षेप मला गैरलागू वाटत नाही, कारण या इंजिनांचे अस्तित्वच परवान्याच्या स्पष्टतेवर टिकलेले आहे. जीझेडडूमला स्वतःला २०१७ मध्ये पूर्णपणे जीपीएलखाली येण्याआधी परवान्याला न जुळणारे भाग काढावे लागले होते, ही आठवण इथे उपयोगी पडते. त्याच वर्षी मूळ झेडडूमचे काम थांबले आणि वारसा जीझेडडूमकडे आला. म्हणजे हे घराणे अशा वळणावरून पूर्वीही गेले आहे. दोन्ही शाखांचा कोड एकाच मुळाचा असल्यामुळे आपले मॉड लगेच निरुपयोगी होणार नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र यूझेडडूम घ्यावे, असे मी सांगेन, कारण काम करणारे हात तिकडे अधिक गेले आहेत.

प्रश्न : पोर्टची नवी आवृत्ती घेतल्यावर माझे जुने सेव्ह केलेले गेम उघडत नाहीत. परत मिळवता येतील का?

उत्तर : बहुधा नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतो. एका मोठ्या मॉडच्या शेवटच्या टप्प्यावर असताना मी उत्साहाने इंजिन अद्ययावत केले आणि तीन आठवड्यांची मजल हातची घालवली. सेव्ह फाइलमध्ये त्या क्षणीच्या इंजिनाची अंतर्गत स्थिती उतरवलेली असते. रचना बदलली की ती वाचता येत नाही. जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्यावी, सुरू असलेला खेळ तिच्यावरच संपवावा आणि मग नवी घ्यावी.

प्रश्न : हे सगळे कायदेशीर आहे का? आणि ज्या गेमचा कोड कंपनीने कधीच दिला नाही, त्यांचे काय?

उत्तर : इंजिन मोकळे आहे, मजकूर नाही, हे सूत्र लक्षात ठेवले की बहुतेक शंका मिटतात. ‘डूम’ किंवा ‘क्वेक’च्या लेव्हल आणि चित्रे आजही विकली जातात आणि त्यांच्यावर मालकांचा हक्क आहे. ‘डूम’चा नऊ लेव्हलचा पहिला भाग शेअरवेअर, म्हणजे मोफत वाटायचा नमुना, म्हणून वाटायला मोकळा होता आणि आहे. सर्वस्वी मोकळ्या मजकुराची इच्छा असेल तर स्वयंसेवकांनी नव्याने बनवलेला फ्रीडूम हा संच कोणत्याही चांगल्या पोर्टवर चालतो. बंजी या कंपनीच्या ‘मॅरेथॉन’ मालिकेचे उदाहरण याहून सुखाचे आहे. ‘मॅरेथॉन टू’चा कोड २००० मध्ये खुला झाला, त्यातून अलेफ वन हे इंजिन घडले, २००५ मध्ये तिन्ही गेम मोफत झाले आणि २०२४ मध्ये अलेफ वनच्या चमूनेच ते स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आणले.

‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ची गाठ थोडी चमत्कारिक आहे. गेमचा कोड २००३ मध्ये जीपीएलखाली आला, पण त्याखालच्या बिल्ड इंजिनाचा कोड त्याच्या कर्त्याने २००० मध्ये स्वतःच्या वेगळ्या परवान्याखाली दिला होता आणि त्यात परवानगीशिवाय व्यावसायिक वापराला मनाई आहे. ईड्यूक३२ हे पोर्ट या दोन्ही परवान्यांच्या छायेत जगते.

कोड न मिळालेल्या गेममध्ये दोन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे मूळ प्रोग्राम उलगडून त्याचे वागणे नव्याने लिहून काढणे. ‘ब्लड’साठी एनब्लड आणि ‘डार्क फोर्सेस’साठी द फोर्स इंजिन अशीच घडली. फोर्स इंजिनाची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, म्हणजे गेम प्रसिद्ध झाल्यानंतर २७ वर्षांनी. हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना त्यावरून करावी. दुसरा मार्ग मालकाशी बोलून घेण्याचा. ‘अनरिअल’ आणि ‘अनरिअल टूर्नामेंट’ यांचा कोड खुला नाही, पण ओल्डअनरिअल या गटाला एपिक या मालक कंपनीच्या संमतीने त्यावर काम करता आले आणि त्यांच्या दुरुस्त्यांमुळे हे गेम नव्या प्रणालींवर चालतात. यात अडचण एवढीच की संमती एका गटाला मिळालेली असते. तो गट विखुरला तर कोड रस्त्यावर पडलेला नसतो की कोणीही उचलावा.

कंपन्या कोड का देत नाहीत, याला नेहमी कंजूसपणा हे कारण नसते. ‘डूम’च्या आवाजाचे वर सांगितलेच. ‘डूम ३’चा कोड २०११ मध्ये खुला करताना सावल्या काढण्याच्या एका पद्धतीवर दुसऱ्या कंपनीचे पेटंट असल्यामुळे काही ओळी बदलून लिहाव्या लागल्या होत्या. जुन्या कोडमध्ये अशा परक्या वस्तू किती दडल्या आहेत, हे तपासायला वकील आणि प्रोग्रामर दोन्ही लागतात, आणि त्यातून उत्पन्न काहीच नसते.

प्रश्न : ‘क्वेक’, ‘क्वेक टू’ आणि ‘डूम’च्या अधिकृत नव्या आवृत्त्या आल्यावर या हौशी इंजिनांची गरज उरली का?

उत्तर : अधिकृत आवृत्त्या चांगल्या आहेत, हे आधी मान्य करू. नाइटडाइव्ह या कंपनीने २०२१ मध्ये ‘क्वेक’, २०२३ मध्ये ‘क्वेक टू’ आणि २०२४ मध्ये ‘डूम’ व ‘डूम टू’ आपल्या केक्स इंजिनावर आणले. गेमिंग कन्सोलवर सरळ खेळायचे असेल तर दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. विशेष म्हणजे २०२४ ची ‘डूम’ आवृत्ती ‘बूम’ची वैशिष्ट्ये समजते. म्हणजे हौशी मंडळींनी १९९८ मध्ये घातलेली भर पाव शतकानंतर मालकाच्या दारातून आत गेली. तिच्याबरोबर आलेल्या, मॉड बनवण्यासाठीच्या नव्या प्रमाणाचा काही भाग वूफसारख्या पोर्टनी स्वीकारला. अशी देवघेव पूर्वी नव्हती.

पण केक्सचा कोड खुला नाही. आज ती आवृत्ती ज्या कन्सोलवर आहे, तो कन्सोल बाजारातून गेला की तिचे काय करायचे, हे एकटा मालक ठरवणार. चॉकलेट डूमला असा मालक नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. सुटीच्या दिवशी सोफ्यावर बसून अधिकृत आवृत्ती खेळतो आणि एखादा जुना डेमो पाहायचा झाला की संगणकाकडे वळतो.

प्रश्न : मला सी भाषा थोडीफार येते. या कामात कशी मदत करू शकेन?

उत्तर : सुरुवातीला कोड लिहू नये. एका पोर्टची विकासातील ताजी आवृत्ती नेमाने खेळावी आणि काही बिघडले तर नीट तक्रार लिहावी. ‘चालत नाही’ एवढ्याने कोणाचेच भले होत नाही. आवृत्तीचा क्रमांक, प्रणाली, वापरलेली वॅड फाइल, कॉम्प्लेव्हल आणि चूक पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या लिहाव्यात. पूर्वीच्या आवृत्तीत ती चूक होती का, हे तपासून सांगितल्यास सांभाळकर्त्याचे अर्धे काम वाचते. भाषांतर, माहितीपत्रे आणि कमी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींवरील चाचणी यांनाही माणसे हवीच असतात. आणि शक्य असेल तेव्हा तक्रारीला डेमो जोडावा. अडीच मिनिटांच्या खेळाच्या नोंदी २१,००० बाइटमध्ये मावतात, आणि सांभाळकर्त्याच्या संगणकावर तीच चूक त्याच क्षणी, त्याच दारापाशी घडते.